मृगया, पारध, शिकार : हरणाच्या शिकारीचे मोल आणि त्याचा जमाखर्च

शके 1585च्या माघ शुद्ध पंचमीस, म्हणजे 23 जानेवारी 1664 रोजी, होदिगेरे येथे शहाजीराजे भोसले यांचा मृत्यू झाला. आजच्या कर्नाटकातील दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरी तालुक्यात हे गाव आहे. शहाजीराजांची समाधीही तेथेच आहे. शिकारीत भरधाव सोडलेल्या घोड्याचा पाय अडकला, घोडा कोसळला आणि स्वार प्राणास मुकला, एवढा तपशील परंपरेने जपला आहे. ज्याच्या मागे घोडा सोडला होता ते जनावर परंपरेच्या सांगण्यानुसार हरीण होते. आदिलशाहीच्या कर्नाटकातील मोहिमांत पंचवीसहून अधिक वर्षे काढलेला, निजामशाहीच्या अखेरच्या काळात बालराजाला गादीवर बसवून कारभार चालवलेला आणि 1648 साली कैदेचाही अनुभव घेतलेला हा सरदार रणांगणावर पडला नाही, तर एका हरणाच्या पाठलागात पडला. सभासदाने बखरीत जिजाबाईंच्या सहगमनाच्या निश्चयाचा आणि शिवाजीराजांनी त्यांना त्यापासून परावृत्त केल्याचा प्रसंग नोंदवला आहे. एका हरणाच्या पाठलागाची किंमत कोठवर जाऊन पोहोचू शकते, याचे मराठी इतिहासातील हे सर्वपरिचित उदाहरण होय.

हरणाची शिकार परवडते का, हा प्रश्न वरवर पाहता दाणागोटा, घोडी, माणसे आणि परवाने यांच्या खर्चाचा आहे. परंतु भारतीय व विशेषतः दख्खनी वाङ्मयात तो फार प्राचीन काळापासून वेगळ्या अंगाने विचारला गेला आहे. शिकारीचा खर्च किती, यापेक्षा तो खर्च कोणाच्या नावे पडतो, हा त्या वाङ्मयाचा मुख्य प्रश्न आहे. मराठीत या एकाच कृतीसाठी तीन शब्द आहेत : मृगया, पारध आणि शिकार. पहिला संस्कृत, दुसरा प्राकृतातून आलेला, तिसरा फारसी. हे तीन शब्द म्हणजे नुसते पर्याय नव्हेत. त्या जमाखर्चाच्या तीन स्वतंत्र वह्या आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या असता एक गोष्ट स्पष्ट होते. शिकारीचा खर्च दुसऱ्या कोणावर ढकलता येत होता तोवरच ती शिकाऱ्याला परवडत होती. आणि ढकललेला तो खर्च शिकाऱ्याच्या दाराशी परत आणून ठेवणे, हे काम वाङ्मयाने वारंवार केले.

बंगळूर : तीन शब्दांचे एकत्र येणे

या तीन वह्या एकाच ठिकाणी उघडलेल्या पाहावयाच्या असतील तर सतराव्या शतकातील बंगळूरइतके योग्य स्थळ दुसरे नाही. 1638 साली रणदुल्लाखानाच्या मोहिमेत केंपेगौडाकडून हे शहर आदिलशाहीकडे आले आणि शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे बनले. जयराम पिंड्ये याने शहाजीराजांच्या दरबाराचे चित्रण करणारा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ याच परिसरात रचला. वि. का. राजवाडे यांनी तो 1922 साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. संस्कृत, मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी, फारसी अशा अनेक भाषांतील कवींना एका दरबारात आणणारा हा ग्रंथ तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहेच. त्यातून हेही कळते की बंगळूरच्या मराठी दरबारात ‘मृगया’ म्हणणारा पंडित, ‘पारध’ म्हणणारा शिलेदार आणि ‘शिकार’ म्हणणारा आदिलशाही अंमलदार एकाच सदरेवर बसू शकत होते.

कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त शहाजीराजांच्या बंगळूरातील वास्तव्याचे वर्णन येते. त्यात काळ घालविण्याच्या विविध प्रकारांत साधुसेवेबरोबरच मृगयेचाही समावेश आहे. ही मांडणी संस्कृत राजवर्णनाच्या ठरावीक साच्याला धरून आहे. साच्यात मृगया हा राजाच्या वैभवाचा एक अलंकार असतो, तिला किंमत नसते. होदिगेरेच्या माळावर मात्र साचा संपतो आणि किंमत सुरू होते.

मृगया : पंडितांची वही

‘मृग्’ म्हणजे शोधणे. मृग म्हणजे आधी कोणतेही रानटी जनावर. पुढे अर्थसंकोच होऊन ते हरीण झाले. इंग्रजीतील हरणवाचक ‘डिअर’ या शब्दाचाही इतिहास असाच आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ प्राणिमात्र असा होता, आणि त्याचा जर्मन भाऊबंद ‘टीअर’ आजही ‘प्राणी’ याच अर्थाने वापरला जातो. दोन दूरच्या संस्कृतींत ‘जनावर’ या सामान्य शब्दाने हरणाचेच रूप घेतले, याचे कारण शिकारीत शोधावे लागते. ज्याचा पाठलाग अधिक, त्यालाच जातीचे नाव मिळाले. मराठीतील ‘हरीण’ या शब्दाची व्याप्तीही शास्त्रीय वर्गीकरणापेक्षा सैल आहे. चितळ आणि सांबर ही सारंगकुळातील, दरवर्षी शिंगे गाळणारी जनावरे; काळवीट आणि चिंकारा ही कुरंगकुळातील, कायम शिंगांची. बोलीत मात्र ही सारी हरणेच. दख्खनच्या उघड्या माळांवरील शिकारीचे हरीण म्हणजे बहुधा काळवीट.

मृगया परवडते का, हा वाद संस्कृत शास्त्रग्रंथांत खुलेपणाने घातला गेला आहे. मनूने मृगयेची गणना राजाच्या कामज व्यसनांत केली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यसनांच्या प्रकरणात द्यूत आणि मृगया यांची तुलना आहे. चोर, शत्रू, वणवा, दिशाभूल, तहान-भूक आणि प्राणभय यांकडे बोट दाखवून पिशुन हा आचार्य मृगया अधिक घातक ठरवतो. कौटिल्य ते मानत नाही. मृगयेत व्यायाम होतो, मेद झडतो, चल आणि अचल लक्ष्यावर नेम बसतो, जनावरांचे चित्त कळते, असा त्याचा प्रतिवाद आहे. येथे दोन्ही बाजूंनी मांडलेला हिशेब राजाच्याच देहाचा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. मरणाऱ्या हरणाचा किंवा रान हाकणाऱ्या माणसांचा त्यात कोठेही उल्लेख नाही.

कालिदासाने हाच वाद ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात रंगभूमीवर आणला आणि त्यात एक मोठा बदल केला. सेनापती मृगयेची जी स्तुती करतो ती जवळजवळ कौटिल्याचीच आहे. पण तिच्यासमोर त्याने विदूषकाला उभे केले. भर उन्हातील वणवण, पानांनी कडवट झालेले ओढ्याचे पाणी, अवेळचे जेवण, घोड्यामागे धावून निखळलेले सांधे, पहाटे पारध्यांच्या आरोळ्यांनी मोडलेली झोप, ही विदूषकाची तक्रार विनोदी खरी. परंतु राजाच्या छंदाचा खर्च सोबत्यांच्या अंगावर कसा पडतो, हे संस्कृत नाटकात तिच्याइतक्या रोखठोकपणे क्वचितच आले असेल. पहिल्या अंकात तपस्वी बाण आवरायला सांगतो तो हरणाच्या बाजूने. दुसऱ्या अंकात विदूषक बोलतो तो चाकराच्या बाजूने. मराठी वाचकाच्या दृष्टीने याला आणखी एक संदर्भ आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. सीमाभागातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या या नाटककाराने मराठी संगीत नाटकाचे युग ज्या कथेने सुरू केले, तिची सुरुवात एका थांबवलेल्या हरणाच्या शिकारीने होते.

महाकाव्यांत या वहीतील आकडे भयानक होतात. पांडूने हरणाच्या रूपात रत असलेल्या किंदम ऋषीला मारले आणि संततीच्या सुखाला तो मुकला. परीक्षिताने मृगयेत बाण लागलेले हरीण गमावले, थकव्याने व तहानेने चिडून मौनी शमीकाच्या गळ्यात मेलेला साप टाकला आणि सात दिवसांत प्राण गमावले. रामाने सुवर्णमृगाचा पाठलाग केला आणि सीता हरपली. ग्रीक परंपरेतील अ‍ॅगॅमेम्नॉनची कथा यांच्या जवळ येते. आर्टेमिस देवीचे हरीण मारल्यामुळे त्याचे आरमार ऑलिस बंदरात खोळंबले आणि वाऱ्याची किंमत म्हणून त्याला इफिजिनिया ही मुलगी वेदीवर चढवावी लागली. पांडू आणि अ‍ॅगॅमेम्नॉन या दोघांच्याही बाबतीत एका हरणाचे मोल संततीत मोजले गेले, हे साम्य महत्त्वाचे आहे. फरकही तितकाच बोलका आहे. ग्रीक कथेत देणे बापाने केले आणि फेडले मुलीने. भारतीय कथेत शाप ज्याने बाण सोडला त्याच्यावरच येऊन आदळतो. मात्र माद्री सती जाते तेव्हा तेथेही खर्च दुसऱ्याच्या पदरात पडतोच.

बाराव्या शतकात मृगयेची वही दख्खनमध्ये दरबारी शास्त्र म्हणून लिहिली गेली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात विनोदांच्या प्रकरणात मृगयेचे प्रकार तपशीलवार येतात. शिकवलेल्या चित्त्याकरवी हरीण पकडण्याचा भारतातील सर्वांत जुना लेखी उल्लेख याच ग्रंथातला मानला जातो. संगीताच्या प्रकरणात आलेल्या मराठी ओळींमुळे हा ग्रंथ मराठी वाङ्मयेतिहासकारांना परिचित आहे. मराठीच्या लेखी इतिहासाचा एक आरंभबिंदू आणि चित्त्याच्या शिकारीच्या लेखी इतिहासाचा आरंभबिंदू एकाच दख्खनी पोथीत सापडावा, हा योग नोंदण्याजोगा आहे.

पारध : पापाची वही

‘पारध’ हा शब्द प्राकृत ‘पारद्धि’ या रूपातून आला. जैन परंपरेच्या संस्कृत कोशवाङ्मयात याचे रूप ‘पापर्द्धि’ असे दिलेले आढळते, म्हणजे पापाची ऋद्धी, पापाची वाढ. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे प्राकृत शब्दाला नंतर चढवलेले संस्कृत रूप असणे संभवते. पण तसे असल्यास ते अधिकच अर्थपूर्ण ठरते. शब्द ऐकणाऱ्यांना त्यात पाप ऐकू आले आणि त्यांनी व्युत्पत्तीतच खर्चाची नोंद करून ठेवली. सप्तव्यसनांच्या जैन यादीत शिकारीला स्थान आहे. अहिंसेचा हाच स्वर महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त कथेच्या रूपाने येतो. पारध्यांपासून पळालेला ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो आणि स्वामी त्याला अभय देतात. शरण आलेल्याला देता येत नाही, या साध्या भूमिकेपुढे पारध्यांचा हक्क लटका पडतो.

या वहीतील सर्वांत लोकप्रिय मराठी पान म्हणजे श्रीधरकवीच्या ‘शिवलीलामृता’तील महाशिवरात्रीच्या व्याधाची कथा. बारामती येथे शके 1640 मध्ये, म्हणजे 1718 साली, पूर्ण झालेला हा ग्रंथ आजही घरोघर वाचला जातो. व्याध बेलाच्या झाडावर रात्रभर दबा धरून बसतो. नकळत उपास घडतो, नकळत बेलाची पाने खाली पडून पूजा घडते. हरणी येते आणि घरच्यांना भेटून परत येण्याची मुदत मागते. व्याध तिच्या शपथेवर विश्वास ठेवतो. अखेर हरणांचे सगळे कुटुंब दिलेल्या शब्दाप्रमाणे मरायला परत येते. शस्त्र टाकतो तो व्याध.

ही कथा भक्तीची म्हणून वाचली जाते. ती शिकारीच्या अर्थकारणाची कथा म्हणूनही वाचता येते. तिच्यातील व्याधाला घरी भुकेली बायकापोरे आहेत. तो राजा नाही, हौशी नाही. त्यामुळे मृगयेच्या वहीत कधीच न आलेला प्रश्न येथे येतो : ज्याला शिकारीवाचून गत्यंतर नाही, त्याने काय करावे? श्रीधराने या प्रश्नाचे उत्तर व्याधाला दोष देऊन दिलेले नाही. त्याने हरणांच्या तोंडी कुटुंबाची भाषा घातली. हरणीलाही पिले आहेत, व्याधालाही पोरे आहेत. दोन संसार समोरासमोर आल्यावर एकाचे पोट भरण्याचा खर्च दुसऱ्याच्या पोटी पडतो, हे व्याधाला दिसते आणि तो हिशेब त्याला झेपत नाही. कथेतील मुक्ती हे या पेचाचे धार्मिक उत्तर आहे. लौकिक उत्तर कथा देत नाही. त्या रात्रीनंतर व्याधाच्या मुलांनी काय खाल्ले, हा प्रश्न पुढील दोन शतकांतील कायद्यांनाही सोडवता आलेला नाही.

लोकसमजुतीने हा प्रसंग आकाशात कोरला आहे. मृग नक्षत्रातील तीन ठळक तारे म्हणजे हरणाच्या अंगात रुतलेला बाण, आणि त्या रेषेत लकाकणारा तारा म्हणजे व्याध. लोकमान्य टिळकांनी 1893 साली प्रसिद्ध केलेल्या ‘ओरायन’ या ग्रंथात याच तारकापुंजाच्या आधारे वेदकालाचा विचार केला. तौलनिक दृष्टीने पाहता, ज्या ताऱ्यांत ग्रीकांनी ओरायन हा शिकारी पाहिला, त्याच ताऱ्यांत भारतीयांनी हरीण पाहिले. ग्रीकांनी शिकाऱ्याचा कुत्रा मानलेला तारा येथे स्वतः शिकारी झाला. एकाने आकाशात मारणाऱ्याचे स्मारक उभारले, दुसऱ्याने मारल्या जाणाऱ्याचे. मराठी शेतकऱ्याचे पावसाळी वर्ष आजही त्या हरणाच्या नक्षत्रानेच सुरू होते.

शिकार : दप्तराची वही

‘शिकार’ हा शब्द आला तो दप्तरासह आला. चित्ते किती, चाकर किती, कोणत्या चित्त्याला रोज किती मांस, याच्या नोंदी ‘आईन-इ-अकबरी’त आहेत. अकबराकडे एका वेळी हजार चित्ते जमल्याचे जहांगीरने लिहिले आहे. जहांगीरने स्वतःच्या शिकारीचीही गणती करवली : वयाच्या बाराव्या वर्षापासून राज्यारोहणाच्या अकराव्या वर्षापर्यंत त्याच्यासमोर 28,532 जनावरे मारली गेली आणि त्यांपैकी 17,167 त्याने स्वतः मारली. आत्मचरित्रात अशी बेरीज येणे हा वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीनेही लक्षणीय प्रकार आहे. ज्या बादशहाने ही बेरीज करवली, त्यानेच मनसराज नावाच्या आपल्या लाडक्या हरणाच्या स्मरणार्थ शेखूपुरा येथे मनोरा उभारला. मोजणे आणि शोक करणे ही दोन्ही कामे एकाच दप्तराने केली.

या दप्तरात एक तूट मात्र सुरुवातीपासून होती. चित्ता कैदेत सहसा वीत नसे. जहांगीरने एका जोडीला पिले झाल्याची नोंद आश्चर्य म्हणून केली. त्यानंतर कैदेतील चित्त्याची वीण थेट 1956 साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात नोंदली गेली. शिवाय शिकारीला लागणारा चित्ता पिलूपणी धरून चालत नसे. आईकडून शिकार शिकलेला वाढता चित्ताच रानातून पकडावा लागे. याचा अर्थ शिकारखान्यातील प्रत्येक चित्ता हा रानातून कायमचा वजा झालेला चित्ता होता. व्याज न देता मुद्दल खाणारा हा व्यवहार शतकानुशतके चालला. त्यात एकोणिसाव्या शतकात माळराने नांगराखाली जाऊ लागली आणि कंपनी सरकारच्या व पुढे ब्रिटिश अंमलात चित्ते मारण्यासाठी बक्षिसेही दिली गेली. 1799 साली श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूचे शिकारी चित्ते इंग्रजांच्या हाती आले, आणि आर्थर वेलस्लीने त्यांच्याकरवी हरणांची शिकार केली. म्हैसूरच्या राज्यात तेव्हा चित्ता होता. पुढील दीडशे वर्षांत तो नाहीसा झाला.

हरणाच्या शिकारीचा खर्च खऱ्या अर्थाने कडाडला तो या टप्प्यावर, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कोल्हापूरचे आहे. राजर्षी शाहू छत्रपतींच्या व त्यांच्यानंतर राजाराम महाराजांच्या काळात कोल्हापूर हे चित्त्याच्या शिकारीचे प्रसिद्ध केंद्र होते. डोळ्यांवर झापड बांधलेला चित्ता गाडीवरून माळावर नेत; कळप दिसला की झापड काढत; चित्ता काळवीट धरी आणि चित्तेवान लाकडी पळीत रक्त देऊन त्याची पकड सोडवी. परंतु देशी चित्ता मिळेनासा झाल्यावर कोल्हापूर व भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले. 1918 ते 1945 या काळात भारतातील संस्थानिकांनी असे किमान दोनशे चित्ते आणल्याचे दिव्यभानुसिंह या अभ्यासकाने नोंदवले आहे. पकडणे, बोटीचे भाडे, वाटेतील मरतूक, शिकवणारी माणसे आणि रोजचे मांस हे सर्व धरले तर माळावरच्या एका काळविटासाठी समुद्रापलीकडचे जनावर आणावे लागत होते. हरीण तेच, माळ तोच. त्याला धरण्याची किंमत मात्र दुसऱ्या खंडापर्यंत गेली. तरीही छंद चालू राहिला, कारण हा खर्च संस्थानच्या खजिन्यातून होत होता.

इंग्लंडच्या इतिहासात याच प्रश्नाला कायद्याचे वळण लागले. पहिल्या विल्यमने राजाच्या हरणांसाठी रान राखून ठेवले आणि प्रजेला कठोर शिक्षा ठरवल्या; तो हरणांवर त्यांचा बाप असल्यासारखा प्रेम करी, असा शेरा अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात आहे. त्याचा मुलगा दुसरा विल्यम 2 ऑगस्ट 1100 रोजी त्याच राखीव रानात शिकारीत बाण लागून मेला, आणि इतिवृत्तकारांनी त्या मृत्यूत उजाड केलेल्या गावांचा न्याय वाचला. हरणासाठी कोणाचा जीव वा अवयव जाणार नाही, हे वचन प्रजेला 1217च्या वनसनदेत मिळाले. होदिगेरेची घटना या घटनेशेजारी ठेवली असता मराठी परंपरेचे वेगळेपण दिसते. इंग्रज इतिवृत्तकाराने राजाच्या मृत्यूत दंड पाहिला. मराठी परंपरेने शहाजीराजांच्या मृत्यूत अपघात आणि दुःख पाहिले. दंडाची कल्पना मराठीत राजाच्या मृगयेला जोडली गेली नाही. ती व्याधाच्या पारधीला जोडली गेली. पापाची वही गरिबासाठी, वैभवाची वही राजासाठी, ही वाटणी भाषेतच झाली होती.

1952 आणि 1972

या वाटणीचे लौकिक परिणाम ज्यांनी भोगले ते फासेपारधी, आणि कर्नाटकात ज्यांना हरणशिकारी म्हणतात ते त्यांचे भाऊबंद. फासे लावून हरणे-तितर धरणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. राजदरबारांसाठी चित्ते पकडून शिकवणाऱ्यांचीही एक शाखा त्यांच्यात होती, आणि ‘चितापारधी’ हे नाव जुन्या जातिवर्णनांत नोंदलेले आहे. ज्या हातांनी मृगयेचे वैभव उभे केले तेच हात 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुरू केलेल्या व्यवस्थेत संशयाचे धनी झाले. 1911च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात सेटलमेंटच्या कुंपणांचा विस्तार झाला. सोलापूर आणि हुबळी येथील वसाहती त्यांपैकी होत. शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात हजेरीची जाचक पद्धत बंद केली आणि सोनतळीला फासेपारध्यांना काम व आश्रय दिला. चित्त्याच्या शिकारीचा शौकीन राजा आणि पारध्याचा कैवारी राजा या एकाच व्यक्तीत भेटतात, हे त्या काळाचे गुंतागुंतीचे वास्तव आहे.

1952 साली दोन गोष्टी घडल्या. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. आणि 31 ऑगस्ट रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन या जमाती विमुक्त झाल्या. शिकारीचे जनावर आणि शिकारीचा माणूस या दोघांचा हिशेब एकाच वर्षी लागला. एकाच्या नावापुढे शून्य आले, दुसऱ्याच्या नावावरचा शिक्का कागदावर पुसला गेला. वीस वर्षांनी, 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत घातले आणि 1991च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीचे दारही बंद केले. हरणांसाठी हा कायदा आवश्यक होता, यात शंका नाही. परंतु ज्यांचा व्यवसायच फासे लावणे होता त्यांना पर्यायी उपजीविका त्याच गतीने मिळाली नाही. जन्माने गुन्हेगार ठरवलेला माणूस विमुक्त झाला आणि लवकरच व्यवसायाने गुन्हेगार ठरला. श्रीधराने अनुत्तरित ठेवलेला प्रश्न येथे कायद्याच्या भाषेत पुन्हा उभा राहतो.

हौशी शिकाऱ्यांसाठी हा बदल वाङ्मयाच्या वाटेने सुसह्य झाला. बंगळूरचे केनेथ अँडरसन (1910–1974) यांची शिकारकथांची इंग्रजी पुस्तके 1954 पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांचा मुख्य विषय नरभक्षक वाघ-बिबटे हा आहे. वाघाच्या शिकारीला लोकरक्षणाचे समर्थन देता येते. हरणाच्या शिकारीला तसे समर्थन नसते. त्यामुळे शिकारकथेच्या वाङ्मयप्रकारात हरीण मध्यभागी क्वचितच येते. ते फार तर आमिष असते, इशाऱ्याचा आवाज असते किंवा तळावरचे जेवण असते. मराठीत व्यंकटेश माडगूळकर यांचा बंदुकीकडून दुर्बिणीकडे आणि चित्रवहीकडे झालेला प्रवास सुपरिचित आहे. ‘नागझिरा’ (1979) हे पुस्तक त्या प्रवासाचे फलित होय. शिकार न परवडण्याचे एक कारण कायदा होता. दुसरे हे की पाहणे अधिक परवडू लागले होते. पण बंदूक टाकून लेखणी घेण्याची सोय ज्याला होती त्यालाच हा बदल साधला. फासा टाकणाऱ्याच्या हाती दुसरे काही आपोआप आले नाही.

जमाखर्चाची अखेर

परदेशांत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवण्याचा यत्न झाला आहे. अमेरिकेत 1937च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाकडे वळवला. म्हणजे खर्चाचा काही वाटा हौस करणाऱ्याच्या नावे टाकला. भारताने शिकारच बंद केली. पण त्यामुळे हरणाचे मोल संपले नाही, ते शेताच्या बांधावर सरकले. सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत किंवा बंगळूरच्या शेजारच्या तुमकूर जिल्ह्यात, जेथे मैदनहळ्ळीच्या माळावर काळविटांसाठी राखीव क्षेत्र आहे, कळप पिकांत उतरतात तेव्हा त्यांच्या जगण्याचा खर्च प्रथम कोरडवाहू शेतकरी उचलतो. नुकसानभरपाई त्यामागून येते. 2022च्या दुरुस्तीने कायद्यातील दंडाच्या रकमा वाढवल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात नामिबियातून चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडले गेले. कोल्हापूरच्या माळावर ज्या खंडातून हरीण मारण्यासाठी चित्ता आणला जात होता, त्याच खंडातून तो आता त्याच्याच जगण्यासाठी आणला गेला. या वेळीही खर्च सरकारी खजिन्याचा. भेद हेतूचा आहे.

तेव्हा हरणाची शिकार परवडते का, या प्रश्नाचे ऐतिहासिक उत्तर असे देता येते की ती कधीच स्वस्त नव्हती. तिची किंमत देणारे वेगळे होते. मृगयेच्या वहीत ती विदूषकाने, माद्रीने आणि सीतेने दिली. पारधीच्या वहीत हरणीने आणि व्याधाच्या पोरांनी. शिकारीच्या वहीत रानातून संपलेल्या चित्त्याने आणि कुंपणाआड गेलेल्या पारध्याने. राजाने स्वतः दिलेली किंमत हा अपवाद होता, म्हणूनच होदिगेरेची समाधी या इतिहासात वेगळी उठून दिसते. तीन शब्दांच्या या तीन वह्या आजवर वेगवेगळ्या अभ्यासकांनी, संस्कृतज्ञांनी, संतवाङ्मयाच्या जाणकारांनी आणि संस्थानी इतिहासाच्या संशोधकांनी, स्वतंत्रपणे वाचल्या आहेत. त्या एकत्र वाचल्या तरच त्यांची बेरीज लागते. आणि ती बेरीज हरणाच्या बाजूने जितकी लागते तितकीच हरणशिकाऱ्याच्याही बाजूने लागणे, हे या वाचनापुढचे उरलेले काम आहे.